सरळ केलेल्या केसांतल्या बटा आणि कोकणची दमट हवा

रत्नागिरीच्या आसपासच्या गावांत गेली अनेक वर्षे नवरी मुलींचे केस करताना मला सर्वांत अवघड वाटलेली मागणी खोप्याची किंवा अंबाड्याची नव्हती. मुलगी मोबाइलवर फोटो दाखवते आणि म्हणते, ‘मला असे मोकळे, वरून थोडे फुगलेले आणि खाली बटा सुटलेले केस हवेत.’ बहुधा त्याच मुलीने दोन-चार महिन्यांपूर्वी मुंबईत किंवा पुण्यात स्मूदनिंग किंवा रीबाँडिंग करून घेतलेले असते. ज्या केसांचे वळण हजारो रुपये मोजून घालवले, त्याच केसांत पुन्हा वळण आणि उभार आणायचा, आणि तोही मे महिन्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या अंगणातल्या मांडवात, असा हा पेच असतो.

माझ्या हातून हे काम पहिल्यांदा सपशेल फसले ते अशाच एका लग्नात. पहाटे साडेपाचला केस करायला घेतले. मधूनच लाईट जात होती, म्हणून घाईघाईने टाँगवर, म्हणजे बटा करायच्या तापलेल्या दांडीवर, मोठमोठ्या बटा वळवल्या, वरून भरपूर स्प्रे मारला आणि साडेसातला नवरी तयार झाली, तेव्हा ती खरोखर फोटोतल्या मुलीसारखी दिसत होती. मुहूर्त अकराचा होता. दहा वाजता तिची आत्या मला शोधत आली आणि म्हणाली, ‘अगं, सकाळी केवढे छान दिसत होते केस, आता बघ कसे चापट झालेत.’ मानेवरच्या बटा सुतासारख्या सरळ झाल्या होत्या, टाळूवरचा उभार बसला होता आणि स्प्रेमुळे केस हाताला चिकट लागत होते. मी त्या वेळी टाँगला, स्प्रेला आणि हवेला दोष दिला. केस नक्की का बसले हे मला बरेच नंतर कळले, आणि ते कळल्यावर कामाची पद्धतच बदलली.

केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा तंतू. त्याच्या गाभ्यात प्रथिनाच्या लांब साखळ्या असतात आणि त्या एकमेकींना ठिकठिकाणी बांधलेल्या असतात. या बंधांपैकी दोन जाती आपल्या कामाच्या आहेत. पहिली जात गंधकाच्या बंधांची, म्हणजे डायसल्फाइड बंधांची. हे बंध पक्के असतात. पाण्याने, शॅम्पूने किंवा साध्या उष्णतेने ते सुटत नाहीत. कुरळ्या केसांची मुलगी कितीही वेळा इस्त्रीने केस सरळ करो, पहिल्या आंघोळीनंतर ते पुन्हा कुरळे होतात, कारण तंतूची मूळ घडण आणि तिला धरून ठेवणारे हे बंध जागेवरच असतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे जवळजवळ शब्दशः लागू पडते. दुसरी जात हायड्रोजन बंधांची. हे एकेकटे अगदी दुबळे असतात, पण त्यांची संख्या प्रचंड असते, आणि त्यांचा स्वभाव असा की पाणी लागले की सुटायचे आणि पाणी निघून गेले की केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळायचे.

खळ दिलेल्या सुती साडीला इस्त्री करताना आपण आधी तिच्यावर पाणी शिंपडतो, ओलसर कापडावर गरम इस्त्री दाबतो, आणि घडी थंड होईपर्यंत साडी उचलत नाही. सुताचा तंतू केसासारखा प्रथिनाचा नसला तरी घडी बसते ती याच हायड्रोजन बंधांमुळे: पाण्याने आणि उष्णतेने ते ढिले पडतात आणि वाळताना, थंड होताना नव्या जागी जुळतात. तीच साडी पावसाळ्यात दोन तास नेसली की घड्या विरून जातात. बटेचे नेमके हेच होते. टाँगने किंवा रोलरने केलेली बट म्हणजे केसावर घातलेली घडी आहे, आणि ती मोडते ती पाण्याने. ते पाणी नळातूनच यावे लागते असे नाही. हवेतले पाणी पुरते.

मग नैसर्गिक कुरळ्या किंवा नागमोडी केसांत घातलेली बट इतकी लवकर का मोडत नाही? त्या केसात गंधकाचे बंधही वळणाच्याच बाजूचे असतात. हायड्रोजन बंध सुटले तरी केस वळणाकडेच परततो. बट थोडी विस्कटेल, फुलेल, पण चापट होणार नाही. सरळ केलेल्या केसात गंधकाचे बंध सरळ स्थितीत पक्के केलेले असतात. तिथे बट टिकवण्याचा सारा भार एकट्या हायड्रोजन बंधांवर येतो आणि पाणी लागताच केस त्याच्या नव्या ‘मूळ’ आकाराकडे, म्हणजे सरळपणाकडे जातो. या केसांत बटा करण्याचा सगळा हिशेब त्यामुळे पाण्याचा हिशेब आहे: पाणी केव्हा काढायचे, किती काढायचे आणि परत येणारे पाणी किती वेळ रोखायचे.

केस सरळ करताना काय होते हेही थोडे नीट पाहायला हवे, कारण ‘केस सरळ केले आहेत’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात. आपल्याकडे रीबाँडिंग, स्ट्रेटनिंग आणि पुष्कळदा स्मूदनिंग या नावाने जे करतात त्यात बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेटसारखे द्रव्य वापरले जाते. पहिल्या क्रीमने गंधकाचे काही बंध तोडतात, केस धुऊन, वाळवून, इस्त्रीने सरळ करतात, आणि मग न्यूट्रलायझर लावून, म्हणजे मुख्यतः हायड्रोजन पेरॉक्साइडने, ते बंध सरळ स्थितीत परत जोडतात. सरळ केस कुरळे करण्याचे पर्मिंगही याच रसायनाने होते. फरक फक्त मधल्या वेळात केस इस्त्रीखाली होता की दांडीवर गुंडाळला होता, एवढाच. यात तुटलेले सगळे बंध परत जुळत नाहीत. काहींचे पेरॉक्साइडमुळे अशा आम्लात रूपांतर होते की ते पुन्हा जोडले जाण्याच्या पलीकडे जातात आणि शिवाय पाण्याला ओढून घेतात.

दुसरा प्रकार खऱ्या अर्थाने ज्याला रिलॅक्सर म्हणतात तो, सोडियम हायड्रॉक्साइड किंवा ग्वानिडीन हायड्रॉक्साइडचा. अतिशय घट्ट कुरळे केस सरळ करण्यासाठी, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये, तो जगभर वापरला जातो. आपल्याकडे तो क्वचित दिसतो, पण परदेशातून आलेल्या पाहुण्यांच्या किंवा तयार डबा आणून घरी प्रयोग केलेल्या मुलींच्या केसांत तो असू शकतो. यात दोन गंधकांच्या बंधातला एक गंधक निघून जातो आणि जो नवा बंध तयार होतो तो थायोग्लायकोलेटने सुटतच नाही. त्यामुळे अशा केसांवर पर्मिंग किंवा रीबाँडिंग करणे म्हणजे केस हातात तुटून येण्याची तयारी करणे होय. तिसरा प्रकार केराटिन ट्रीटमेंटचा. त्यात गंधकाचे बंध सहसा तुटत नाहीत, केसावर आणि वरच्या थरात एक आवरण बसते आणि ते काही महिन्यांत उतरते. यातल्या काही द्रव्यांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटते, आणि त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली कर्करोगकारक ठरवले आहे. अलीकडेच केराटिन केलेल्या केसांवर टाँग फिरवताना खिडकी उघडी असावी, एवढे तरी पथ्य मी पाळते. केराटिनच्या केसांत बट तुलनेने बरी धरते, पण त्या आवरणामुळे केस गुळगुळीत झालेले असल्याने पिना सटकतात.

म्हणून केसांना हात लावण्याआधी मी नक्की काय केले होते, केव्हा केले होते आणि त्यावर नंतर रंग किंवा हायलाइट केले होते का, हे विचारते. पुष्कळदा नाव सांगता येत नाही. अशा वेळी मी मागच्या बाजूचा एक केस ओला करून हलक्या हाताने ताणून पाहते. धडधाकट ओला केस ताणला की लांबतो आणि सोडला की परत आखडतो. तो लांबतो पण परत येत नाही, चघळलेल्या दोऱ्यासारखा लोंबतो, किंवा ताणताच तुटतो, तर त्या केसांवर गरम हत्यार चालवायचे नाही, हे तिथेच ठरते. अशा मुलीला वाईट वाटले तरी मी स्पष्ट सांगते.

आता कोकणच्या हवेकडे येऊ. १७८३ साली जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञाने हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या आपल्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली, आणि त्या यंत्राचा मुख्य भाग होता माणसाचा ताणून धरलेला केस. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो. पूर्ण कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत लांबीतला फरक साधारण दोन ते अडीच टक्के असतो, आणि तेवढ्यावर काटा हलतो. केसाची आर्द्रतामापके पुढे हवामानखात्यांत दीर्घकाळ वापरात राहिली. यातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली बारीक गोष्ट अशी की सोस्यूर केस यंत्रात बसवण्यापूर्वी सोड्याच्या पाण्यात उकळून त्याचा तेलकटपणा काढून टाकत असे, म्हणजे तो हवेतल्या ओलीला पटकन जाब देई. सरळ करण्याच्या क्रीमचा सामू (पीएच) नऊच्या वर असतो आणि तेही केसाच्या पृष्ठभागावरचा नैसर्गिक स्निग्ध थर काढून टाकते. सोस्यूर यंत्रासाठी जे मुद्दाम करत असे, तेच आपण पार्लरमध्ये करतो, आणि मग तो केस आर्द्रतेच्या काट्यासारखा वागला म्हणून नवल करतो.

पावसाळ्यात डब्याचे झाकण उघडे राहिले तर पोह्याचा पापड काही तासांत सादळतो, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. केसही सादळतो, दमट हवेत तो स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत पाणी धरू शकतो. किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर हवा जवळजवळ सतत ओलीने भरलेली असते, आणि एप्रिल-मेमध्ये पाऊस नसला तरी दुपारचे खारे वारे समुद्रावरून ओल घेऊनच येतात. त्या मानाने डिसेंबर-जानेवारीत पूर्वेकडून सह्याद्री उतरून येणारा वारा कोरडा असतो, ओठ फुटतात, आणि त्याच दिवसांत सरळ केसांतल्या बटा संध्याकाळपर्यंत टिकतात. लग्नाची तारीख केसांसाठी कुणी ठरवत नाही हे मान्य आहे, पण मे महिन्यात तीन तास आणि जानेवारीत दहा तास, हा फरक हातांच्या कौशल्यातला नसतो, हे नवरीच्या आईला आधी सांगून ठेवलेले बरे.

तयारी आदल्या दिवसापासून सुरू होते. कार्याच्या दिवशी सकाळी न्हायलेले केस आतून पूर्ण वाळलेले नसतात, हाताला कोरडे लागले तरी. म्हणून नहाणे आदल्या संध्याकाळी करावे. त्याआधी दोन-तीन तास खोबरेल लावायला माझी हरकत नाही, उलट आग्रहच आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रेळे आणि मोहिले या भारतीय संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती, आणि धुताना केसातले प्रथिन वाहून जाणे त्यांतल्या केवळ खोबरेलाने लक्षणीय कमी झाले होते, कारण त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते. मात्र ते तेल पूर्ण धुऊन निघाले पाहिजे. आज्जीने मायेने रात्री पुन्हा चंपी करून दिली की दुसऱ्या दिवशीचे काम संपले. तेलाने जड झालेल्या केसांत उभार राहत नाही. कंडिशनर फक्त खालच्या अर्ध्या भागाला लावावा, टाळूला अजिबात नाही. आणि केसांना लावून तसेच ठेवायचे जे सीरम, क्रीम किंवा जेल असेल, त्याच्या घटकांत ग्लिसरीन वरच्या क्रमांकावर असेल तर ते त्या दिवसापुरते बाजूला ठेवावे. ग्लिसरीन ओल ओढून घेते. कोरड्या हवेत तो गुण असेल, आपल्याकडे तो शत्रू आहे. खाडीकाठच्या घरांत विहिरीचे पाणी मचूळ असेल तर शेवटचा तांब्या तरी गोड्या पाण्याचा घ्यावा, कारण मागे राहिलेले मीठसुद्धा ओल खेचते.

उभार आणि बटा ही दोन वेगळी कामे आहेत आणि ती डोक्याच्या दोन वेगळ्या भागांत होतात. उभार मुळाशी मिळतो, म्हणजे टाळूपासूनच्या पहिल्या दोन-तीन इंचांत. इथे एक गोष्ट आपल्या बाजूची असते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, किंवा थोडे जास्त, वाढतात. ट्रीटमेंटला तीन-चार महिने झाले असतील तर मुळाशी इंच-दीड इंच नवा, न छेडलेला, मूळ वळणाचा केस आलेला असतो. मुली तो लपवण्यासाठी टच-अप करून येतात, आणि मी त्यांना लग्नाआधी ते करू नका म्हणून विनवते. तोच इंचभर केस वरचा सगळा उभार उचलून धरतो. त्याला इस्त्री लावायची नाही, तो सपाट करायचा नाही. फक्त जिथे नवा केस संपून सरळ केलेला सुरू होतो तो सांधा सर्वांत कच्चा असतो, म्हणून कंगवा तिथे अडकला तर ओढू नये आणि घट्ट रबर तिथे बसू देऊ नये.

ब्लो ड्राय करताना केस ज्या बाजूला पडायचा त्याच्या उलट दिशेला उचलून वाळवावा आणि शेवटी यंत्राची थंड हवा मुळांवर सोडावी. टाळूवरच्या भागात रोलर लावताना केसाची पट्टी रोलरच्या जाडीएवढीच घ्यावी, ती सरळ वर न धरता थोडी पुढे कपाळाकडे झुकवून गुंडाळावी, म्हणजे रोलर स्वतःच्याच मुळांवर बसतो आणि सोडल्यावर केस मुळाशी उभा राहतो. पट्टी मागे ओढून गुंडाळली तर रोलर मुळापासून दूर पडतो, बट मिळते पण उभार मिळत नाही. बॅक कोंबिंग मी सरळ केलेल्या केसांत फार जपून करते, कारण उलट्या कंगव्याने केसाचे वरचे खवले उचकटतात आणि ते इथे आधीच सैल झालेले असतात. टाळूवर दोन-तीन आतल्या पट्ट्या, कंगव्याऐवजी मऊ ब्रशने, एवढेच. त्याऐवजी आतल्या, बाहेरून न दिसणाऱ्या पट्ट्यांच्या मुळांवर बारीक क्रिम्पिंग केले, म्हणजे गरम पट्ट्यांत दाबून बारीक चुण्या पाडल्या, तर पफ, म्हणजे टाळूवरचा फुगा, जास्त वेळ उभा राहतो. केसांची लांबी कमरेपर्यंत एकसारखी असेल तर कोणतीही युक्ती अपुरी पडते, कारण वजनच मुळे खाली ओढते. महिनाभर आधी थोडे लेयर कापून घेतले तर अर्धे काम तिथेच होते.

बटांकडे येताना मला आधी ओल्या सेटिंगची बाजू घ्यावीशी वाटते, जरी आजकाल त्याला कुणाला वेळ नसतो. हायड्रोजन बंध जास्तीत जास्त सुटतात ते पाण्याने, म्हणून ओलसर केस रोलरवर गुंडाळून रोलरवरच पूर्ण वाळवला तर घडी केसाच्या गाभ्यापर्यंत बसते, आणि तीही उष्णतेच्या माराशिवाय. आदल्या रात्री न्हाऊन, केस बहुतांशी वाळल्यावर, किंचित दमट असताना मूस लावून मऊ रोलर किंवा कापडाच्या चिंध्या गुंडाळून झोपणे ही पद्धत जुनी आहे, पण शास्त्राला अगदी धरून आहे. अट एकच: सोडताना केस पूर्ण वाळलेला हवा. मी मानेजवळचा एक रोलर, जिथे केस सर्वांत शेवटी वाळतात, आधी सोडून पाहते. ती बट गार आणि लिबलिबीत लागली तर तो परत गुंडाळते आणि बाकीच्यांना हात लावत नाही. कोकणातल्या उन्हाळी रात्री पंख्याखालीसुद्धा रोलरमधले केस सकाळपर्यंत वाळलेले नसतात, म्हणून पहाटे पंधरा-वीस मिनिटे ड्रायरची कोमट हवा द्यावीच लागते.

टाँग वापरायची असेल तर केस आधी पूर्ण कोरडा असला पाहिजे. ओल्या केसावर तापलेली टाँग लावली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बारीक बुडबुडे तयार होतात आणि तिथे तो पुढे तुटतो. ‘चर्र’ असा आवाज आला की समजावे. तापमान दीडशे ते एकशे साठ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे. यंत्रावर दोनशे-सव्वादोनशेचा आकडा असतो म्हणून तो वापरलाच पाहिजे असे नाही, त्या तापमानाला केराटिनचीच मोडतोड सुरू होते आणि सरळ केलेल्या केसाला ती परवडत नाही. पट्टी पातळ घ्यावी, कारण जाड पट्टीत बाहेरचा केस भाजतो आणि आतला कोमटच राहतो. एका पट्टीवरून एकदाच, आठ-दहा सेकंद. टाँगची जाडीही हव्या त्या बटेपेक्षा एक आकार बारीक घ्यावी. बट सैल पडणारच आहे हे गृहीत धरूनच सुरुवात करावी.

आणि त्या पहिल्या लग्नात मी जी सर्वांत मोठी चूक केली ती इथे सांगते. मी टाँगवरून बट सोडली आणि ती तशीच गरम लोंबू दिली. तापलेला केस मऊ असतो, आकार धरण्याच्या स्थितीत नसतो. लोंबताना स्वतःच्या वजनानेच तो अर्धा सरळ होऊन मग थंड होतो. आता मी टाँग काढून घेताना बट तळहातावर झेलते, वेटोळ्याच्या आकारातच टाळूजवळ नेते आणि क्लिप लावून तशीच ठेवते. सगळे डोके असे वेटोळ्यांनी भरून गेले की नवरीचा मेकअप, साडी, दागिने होऊ द्यावेत, आणि क्लिपा सगळ्यांत शेवटी काढाव्यात. त्या घरात एसीची खोली असेल तर नवरीला तिथेच बसवावे. एसी हवेतली ओल काढून घेतो, त्यामुळे केस थंड होता होता अधिक कोरडाही होतो. क्लिपा काढल्यावर कंगवा न फिरवता बोटांनी बटा मोकळ्या कराव्यात.

स्प्रेबद्दल एक गैरसमज आहे की जितका जास्त तितका चांगला. स्प्रे म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेले एक प्लास्टिकसारखे द्रव्य असते. अल्कोहोल उडून जाते आणि केसांना एकमेकांशी जोडणारा पातळ पापुद्रा मागे राहतो. डब्यावरच्या बारीक अक्षरांत नुसते ‘पीव्हीपी’ असेल तर तो पापुद्रा स्वतःच हवेतली ओल शोषतो आणि चिकट होतो. माझ्या त्या नवरीच्या केसांना लागत होता तो चिकटपणा बहुधा हाच. ‘व्हीपी/व्हीए कोपॉलिमर’ असे लिहिलेले असेल तर त्यात दुसऱ्या घटकाची जोड असल्याने तो दमट हवेत जास्त टिकतो. पट्टी टाँगवर घेण्याआधी हलका एक हात, तो पूर्ण वाळू देऊन मग टाँग, आणि शेवटी हातभर अंतरावरून पुन्हा एक हात, एवढे पुरे. मूठभर जवस पाण्यात उकळून गाळलेला बुळबुळीत द्रव घरगुती जेल म्हणून चालतो, पण तो पाण्यात विरघळणाराच असल्याने दमट दिवशी त्याच्यावर भिस्त ठेवू नये. जास्वंदीच्या पानांचा चिकही तसाच. नहाण्यासाठी उत्तम, बटांसाठी नाही. आणि स्प्रेचा डबा होमकुंडाजवळ, समईजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ कधीही उघडू नये. त्यातले अल्कोहोल आणि दाबाचा वायू दोन्ही पेट घेतात. मुहूर्ताच्या आधी ‘शेवटचा एक हात’ मारण्याची घाई करणाऱ्या करवल्यांना हे ठासून सांगावे लागते.

पाणी परत येण्याच्या वाटा मात्र हवेपुरत्या नसतात. मी त्या पहिल्या फसलेल्या लग्नाचे फोटो पुढे कधीतरी पाहत होते, तेव्हा लक्षात आले की बटा सगळीकडे सारख्या बसल्या नव्हत्या. कपाळाजवळच्या बऱ्या होत्या आणि गजऱ्याखालच्या साफ सरळ झाल्या होत्या. मोगऱ्याचे गजरे पहाटे ओल्या फडक्यात, केळीच्या पानात गुंडाळून आले होते, त्यांच्यावर पुन्हा पाणी शिंपडले होते, आणि मी ते तसेच, थेंब ठिबकत, ताज्या बटांवर माळले होते. आता मी गजरा तासभर आधी पानातून काढते, कोरड्या पंचावर पसरून वरून दुसरा पंचा हलके दाबते, आणि माळताना तो बटांवर न ठेवता पफच्या मागच्या, पिनांनी बांधलेल्या भागावर बसवते. फाल्गुन-चैत्रातला सुरंगीचा वळेसर याबाबतीत सोयीचा. तो सुकत आला तरी घमघमतो, त्याला पाण्याचा हात मारावा लागत नाही. अबोलीच्या वेणीलाही तो लागत नाही. दुसरी वाट घामाची. शालू, दागिने आणि मांडवातला उकाडा यांनी टाळूला घाम फुटतो आणि उभार मुळातूनच बसतो. मुंडावळ्या बांधताना कपाळ टिपतात तसा कानामागून आणि मानेवरून कोरडा रुमाल अधूनमधून टिपून घ्यावा, पंखा पाठीमागून लावावा. केस झाल्यावर तोंड धुवायला वाफेने भरलेल्या न्हाणीत जाणे आणि ओले हात केसांवरून फिरवणे, हे तर टाळलेच पाहिजे.

गणपतीच्या दिवसांत चाकरमानी घरी येतात, तेव्हा मुंबईच्या मुली हीच केशरचना मागतात, आणि मी सहसा नाही म्हणते. भाद्रपदातल्या हवेत मोकळ्या बटा आरतीपर्यंतही राहत नाहीत. त्याऐवजी पुढे कपाळाजवळ दोन सैल बटा, त्या प्रत्येक वेळी नव्याने करता येतील एवढ्याच, टाळूवर क्रिम्पिंगचा थोडा उभार आणि मागे गुंफलेली सैल वेणी किंवा अंबाडा, असे केले की केस सादळले तरी आकार धरून राहतो, कारण तो पिनांनी आणि गुंफणीने धरलेला असतो, हायड्रोजन बंधांनी नाही. ‘मग कायमच्या बटाच करून द्या ना,’ असे एखादी म्हणते. सरळ केलेल्या केसांवर पर्मिंग करायचे म्हणजे ज्या बंधांचा आधीच एकदा तोड-जोड झाला आहे ते पुन्हा तोडायचे. थायोग्लायकोलेटने सरळ केलेल्या केसांत ते तांत्रिकदृष्ट्या होते, पण जे मागे राहते त्याला केस म्हणवत नाही, आणि हायड्रॉक्साइडच्या केसांत तर ते करूच नये.

कार्य उरकल्यावर रात्री केस सोडतानाही घाई नको. पिना मोजून काढाव्यात, बॅक कोंबिंग केलेला भाग कोरडा असताना विंचरू नये. त्यावर खोबरेल किंवा कंडिशनर लावून दहा मिनिटे थांबावे आणि टोकाकडून वर, थोडे थोडे, मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवावे. रिसेप्शन दुसऱ्या दिवशी असेल तर केस धुऊ नयेत, टाळूवर कोरडा शॅम्पू लावावा, बटा बोटांवर गुंडाळून सैल क्लिपांनी टाळूशी बांधाव्यात आणि साटिनचा किंवा जुन्या रेशमी साडीचा तुकडा डोक्याला बांधून झोपावे. सकाळी फक्त चेहऱ्याजवळच्या चार-पाच पट्ट्या पुन्हा टाँगवर घ्याव्या लागतात.